तिसरा वैमानिक

आमच्या विलेपार्ल्याच्या सोसायटीत निम्म्या घरांतून कुणी ना कुणी विमानतळावर नोकरीला आहे, नाहीतर होतं. त्यामुळे एखादं उड्डाण रद्द झालं, कुणाची बॅग हरवली, कुणाच्या सीटसमोरचा पडदा बंद निघाला, की सोसायटीच्या ग्रुपवर वाद पेटायला वेळ लागत नाही. त्याच्या बाजू दोनच, आणि दोन्ही आता पाठ झाल्यात. एक बाजू म्हणते, एअर इंडिया टाटांकडे परत गेली ना, मग धीर धरा, शेकडो नवी विमानं येताहेत, गेलेलं नाव परत येईल. दुसरी म्हणते, सरकारी होती तेव्हा निदान संकटात धावून तरी यायची. खासगी मालकाला नफ्यापलीकडे काय दिसतं? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा या दुसऱ्या बाजूला चांगलाच जोर चढला. वृत्तवाहिन्यांवरही हेच चालतं, फक्त आवाज मोठा असतो. मला हा वाद मुळातच चुकीच्या प्रश्नावर चाललेला दिसतो. मालक कोण, यावर विमान कंपनीची पत ठरत नाही. हाताशी काय शिल्लक ठेवलंय यावर ती ठरते. एखादा जादा वैमानिक, एखादं जादा विमान, गोदामात तयार असलेला सुटा भाग आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातातला निर्णयाचा अधिकार, ही ती शिल्लक. गेलेली पत तिच्यातूनच परत येते आणि धंदा वाढवायचा तो तिला झेपेल तेवढाच वाढवावा, असं माझं म्हणणं आहे.

मालकीचा मुद्दा आधी निकालात काढू. एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण १९५३ मध्ये झालं. जे. आर. डी. टाटांना ते पटलेलं नव्हतं, तरी १९७८ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, सरकारी एअर इंडियाचे अध्यक्ष तेच होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, १९६२ पर्यंत ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. ज्या सुवर्णकाळाच्या आठवणी आपण काढतो तो बहुतेक सगळा सरकारी मालकीतला आहे. आणि ज्या काळाची लाज वाटते तोही सरकारी मालकीतलाच. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं आणि दिवसाला सुमारे वीस कोटींचा तोटा होत होता. खासगीचं म्हणाल तर जेट एअरवेज आपल्या मुंबईचीच. १९९३ पासून तिनं देशी प्रवाशाला चांगल्या सेवेची सवय लावली आणि १७ एप्रिल २०१९ ला ती बंद पडली. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, गो फर्स्ट २०२३ मध्ये. एकाच मालकीत उत्तम आणि वाईट दोन्ही घडत असेल, तर त्या मालकीतून नेमकं कोणतं उत्तर मिळणार?

उत्तर शोधायला मला १९३२ कडे जावंसं वाटतं. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्या पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जुहूचं तेव्हाचं विमानतळ म्हणजे समुद्रालगतचं चिखलाचं मैदान. पाऊस लागला की ते पाण्याखाली जायचं. मग सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यायचं आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानातून विमानं उडवायची. बिऱ्हाड केवढं, तर दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. पहिल्या वर्षी ही टपालसेवा शंभर टक्के वेळेवर चालली, अशी नोंद तेव्हाच्या नागरी हवाई खात्यानं केली आहे. त्या काळी हे विमान एकटा वैमानिक उडवायचा. म्हणजे दोन विमानांना तीन वैमानिक, आणि पावसाळ्यासाठी आधीच बघून ठेवलेलं दुसरं मैदान. पैसा बेताचा होता, सरकारी अनुदान नव्हतं, तरी हा तिसरा माणूस ठेवलेला होता. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. तिची पत पुढे जगभर पसरली तिचं मूळ मला या तिसऱ्या वैमानिकात दिसतं. तिची ओळख बनलेलं महाराजाचं चित्र नंतर आलं, १९४६ मध्ये.

पत हा शब्द आपण पैशाच्या व्यवहारातून उचलला आहे. पत असलेल्या माणसाच्या खिशात रोज नोटांची चळत असते असं नाही. तो ठरल्या दिवशी देतो आणि त्या दिवशी अडचण आली तरी कुठून तरी उभे करतो, एवढी खात्री असते. विमानाच्या धंद्यात तो ठरलेला दिवस म्हणजे वाईट दिवस. सगळं सुरळीत असताना प्रवाशाला कुठलीही कंपनी चांगलीच वाटते. धुकं पडलं, इंजिनात स्नॅग निघाला, वैमानिक आजारी पडला, सर्व्हर बसला, की कंपनीची खरी ऐपत बाहेर येते. हातचं राखून काम करणं आपल्याकडे दोष मानतात. या धंद्यात हातचं न राखता काम करणं हाच मोठा दोष आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट सांगतो. आत्या अत्यवस्थ होती, म्हणून आईला घेऊन नागपूरला निघालो होतो. विमान रात्री पावणेनऊचं. साडेआठला मेसेज आला, दहा वाजता सुटेल. मग साडेअकरा. मग वेळच नाही, नुसतं ‘ऑपरेशनल कारणामुळे विलंब’. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. गेटवर खुर्च्या भरलेल्या, लोक खाली पथाऱ्या पसरून बसलेले. काउंटरवर पंचविशीचा एक पोरगा, गळ्यात कंपनीची लेस, समोर दीडशे चिडलेली माणसं. एवढ्या छोट्या प्रवासात दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं देणं नियमानं बंधनकारक आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण कूपन छापायला सुपरवायझरची मंजुरी लागत होती आणि सुपरवायझर फोन उचलत नव्हता. मी विचारलं, नक्की काय झालंय? तो म्हणाला, ‘सर, मला जेवढं स्क्रीनवर दिसतं तेवढंच मी सांगू शकतो.’ बाराच्या सुमारास गर्दी थोडी पांगल्यावर त्यानंच हळू आवाजात सांगितलं. विमान बाहेर उभं होतं, इंधनही भरलेलं होतं. आधीच्या उड्डाणाला उशीर झाल्यामुळे वैमानिकांची ड्युटी संपली होती आणि बदली जोडी शहरात नव्हती.

तिथे बसल्या बसल्या मला आपली एसटी आठवली. लाल डबा खंबाटकी घाटात बंद पडतो तेव्हा कंडक्टर खाली उतरतो, मागून येणारी गाडी हात करून थांबवतो आणि त्याच तिकिटावर आपल्याला तिच्यात बसवून देतो. उभ्यानं जावं लागतं, धक्के बसतात, पण रात्री घरी पोचतो. त्यासाठी तो कुणाला फोन करत नाही. अधिकार त्याच्या खांद्यावरच्या बॅगेइतकाच त्याचा असतो. एसटीच्या खुर्च्यांबद्दल, काचांबद्दल, स्वच्छतागृहांबद्दल महाराष्ट्रात कुणाचंही मत फारसं चांगलं नाही. तरी ती वाटेत सोडून देणार नाही, हा भरवसा आहे. हजारो रुपयांच्या तिकिटावर तो भरवसा का मिळू नये?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. त्यातलं सगळ्यात वजनदार असं की विस्ताराशिवाय पत सुधारतच नाही. हे मला मान्य आहे. २७ जानेवारी २०२२ ला टाटांनी एअर इंडिया ताब्यात घेतली तेव्हा सुटे भाग नाहीत म्हणून कितीतरी विमानं नुसती उभी होती. तुटलेली सीट, बंद पडदा, उखडलेलं पाठीमागचं टेबल, ही लोकांची गाऱ्हाणी जुन्या विमानांतूनच येतात. ती रंग देऊन जात नाहीत, विमान बदलावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि पुढच्या वर्षी आणखी १०० विमानांची मागणी नोंदवली, तिच्यामागे हे कारण आहे. शिवाय जागतिक टंचाई आहे: सीट वेळेवर येत नाहीत, इंजिनं दुरुस्तीला गेली की महिनोन्‌महिने परतत नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यामुळे युरोप-अमेरिकेचे मार्ग लांबले, इंधनाचा खर्च वाढला. यातलं काहीच कंपनीच्या हातात नव्हतं. तिसरी गोष्ट, लहान राहून चालत नाही. परदेशी कंपन्या मुंबईचा प्रवासी आखातात नेऊन तिथून पुढे पोचवतात. तो थेट न्यायचा तर विमानंही हवीत आणि जाळंही हवं. विस्तार नको म्हणणारा माणूस हा धंदाच समजून घेत नाही.

माझा आक्षेप विस्ताराच्या क्रमावर आहे. विमान सहीनं मागवता येतं, कॅप्टन सहीनं मागवता येत नाही. एअरलाइन ट्रान्स्पोर्ट पायलटचा परवाना मिळवायला किमान १५०० तासांचं उड्डाण लागतं, आणि परवाना हातात आला म्हणजे कॅप्टनची खुर्ची मिळाली असंही नाही. विमान उडायला तयार आहे अशी सही देणारा इंजिनिअर घडायलाही वर्षं जातात. माझे मामा एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये आयुष्यभर होते. घरी आल्यावर कामाचं बोलायचे नाहीत. एकदा मात्र जेवताना घास हातात धरून बसले होते. उभ्या असलेल्या एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायला लागला होता, कारण स्टोअरमध्ये तो भाग नव्हता. दुसरं विमान वेळेवर गेलं, वरून शाबासकी आली. मामा म्हणाले, ‘आज एक उडालं म्हणून खूश आहेत. पहिल्याचं भोक कधी बुजवायचं ते कुणी विचारलं नाही.’ विस्ताराच्या नादात आपल्या विमान धंद्यात हे भोक पुन्हा पुन्हा पडलेलं आहे. २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १११ विमानं मागवली आणि २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. पगारश्रेण्या वेगळ्या, ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, विमानांच्या जाती वेगळ्या, आणि डोक्यावर खरेदीचं कर्ज. ती विमानं वाईट नव्हती. ती पेलणारं घर तयार नव्हतं.

इंडिगोची डिसेंबरमधली गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, रात्री किती वेळा विमान उतरवायचं त्यावर कडक मर्यादा. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं होती. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहांहून जास्त ज्या कंपनीनं जातात, तिच्याकडे नियमानुसार रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावायला माणसं पुरली नाहीत आणि एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द करावी लागली. लग्नसराईचे दिवस होते. विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले. शेवटी नियमातून तात्पुरती सूट द्यावी लागली आणि वेळापत्रक दहा टक्क्यांनी कापावं लागलं. म्हणजे थकलेल्या वैमानिकाच्या झोपेसाठी केलेला नियम प्रवाशांच्या हालांपुढे वाकवावा लागला. ही किंमत कुणाच्या ताळेबंदात दिसते? एप्रिल २०२४ मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीनं हेच छोट्या प्रमाणात अनुभवलं होतं. सेवेच्या बाबतीत देशात तिच्याइतकं चांगलं नाव कुणाचं नव्हतं, पण रोस्टरमध्ये पुरेशी सवड ठेवलेली नव्हती. नव्या पगाररचनेवर वैमानिक नाराज झाले आणि रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली.

यावर उत्तर येतं की राखीव माणसं आणि विमानं ठेवायला पैसे लागतात, आणि आपला प्रवासी दोनशे रुपयांच्या फरकासाठी कंपनी बदलतो. हाही मुद्दा खोटा नाही. विमानाचं इंधन इथे महाग, त्यावर राज्याराज्यांचा कर वेगळा, भाडेपट्टा डॉलरमध्ये. किंगफिशरचं उदाहरण हमखास दिलं जातं: सेवा उंची ठेवली आणि बुडाली. पण किंगफिशरनं पैसा कशावर घातला ते बघा. दिसणाऱ्या गोष्टींवर घातला. अखेरच्या वर्षात तिचे इंजिनिअर आणि वैमानिक थकलेल्या पगारासाठी संपावर होते. लाल गणवेश ही शिल्लक नव्हे. जेटचंही शेवटी तेच झालं, पगार थकले, आणि ज्यांनी तिचं नाव घडवलं त्याच माणसांच्या हक्काच्या पैशांचा प्रश्न नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायला सांगितली तेव्हाही लटकलेलाच होता. स्वस्त तिकीट आणि शिल्लक यांचं वैर आहे, हे मला पटत नाही. शिल्लक नसण्याचा खर्चही असतोच, फक्त तो प्रवाशाच्या आणि काउंटरवरच्या पोराच्या माथी मारलेला असतो.

ज्यांनी बुडालेलं नाव वर काढलं त्यांनी काय केलं? अमेरिकेतली कॉन्टिनेन्टल १९९४ मध्ये वेळेच्या बाबतीत तळाला होती. नवे प्रमुख गॉर्डन बेथून यांनी सांगितलं की ज्या महिन्यात कंपनी वक्तशीरपणात पहिल्या पाचांत येईल त्या महिन्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला ६५ डॉलर मिळतील, सगळ्यांना सारखेच. उशिरामुळे रखडलेले प्रवासी दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत बसवायला जो खर्च होत होता त्यापुढे हे बक्षीस स्वस्त पडलं. आणि कर्मचाऱ्यांना बारीकसारीक गोष्टींत जखडून ठेवणारी जाडजूड नियमावली त्यांनी कर्मचाऱ्यांकडूनच वाहनतळावर जाळवली. काउंटरवरच्या माणसाला डोकं वापरायची परवानगी मिळाली, ती तिथून.

कोरियन एअरची गोष्ट जास्त गंभीर. एकामागून एक अपघात, त्यात ऑगस्ट १९९७ मध्ये गुआम बेटावर २२८ माणसं गेली. १९९९ मध्ये भागीदार असलेल्या डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीनं हात सोडला. कोरियन एअरनं त्याच डेल्टाचा माणूस आणून उड्डाण विभागाच्या डोक्यावर बसवला. कॉकपिटमध्ये इंग्रजी आणलं, आणि कनिष्ठ वैमानिकानं ज्येष्ठाला ‘हे चुकतंय’ असं तोंडावर सांगायचं, हा शिरस्ता घातला. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणाऱ्या समाजात हे किती अवघड गेलं असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गुआमनंतर तिच्या विमानात अपघातानं प्रवासी दगावलेला नाही. मी याला शिल्लकच म्हणतो. चूक वेळेत बोलून दाखवणारा दुसरा आवाज कॉकपिटमध्ये राखीव ठेवला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि जपान एअरलाइन्स. जानेवारी २०१० मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. काझुओ इनामोरी वयाच्या ७८ व्या वर्षी, पगार न घेता, अध्यक्ष झाले. त्यांनी आधी कंपनी लहान केली. जंबो विमानं काढली, तोट्याचे मार्ग बंद केले, हजारो माणसंही कमी केली. हा भाग क्रूर होता आणि त्याचं कौतुक करताना तो लपवू नये. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात उभी राहिली. पण माझ्या मनात जपान एअरलाइन्स राहिली ती दुसऱ्याच कारणासाठी. १९८५ मध्ये तिच्या विमानाच्या अपघातात ५२० लोक गेले. त्या विमानाचे तुकडे कंपनीनं टाकून दिले नाहीत. २००६ पासून ते हानेदा विमानतळाजवळच्या केंद्रात ठेवलेत आणि कर्मचाऱ्यांना तिथे नेऊन उभं केलं जातं. २ जानेवारी २०२४ ला त्याच हानेदावर तिचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण जपान एअरलाइन्सच्या विमानातली ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर आली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. कर्मचाऱ्यांनी हातातल्या कर्ण्यांवरून ओरडून सांगितलं, आठपैकी आगीपासून दूर असलेली तीनच दारं निवडून उघडली. वर विचारायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. त्या दिवशीच्या एका चित्रफितीनं कंपनीला जे मिळवून दिलं ते शंभर जाहिरातींनी मिळालं नसतं.

अहमदाबादच्या अपघाताचा उल्लेख टाळून हा लेख लिहिता येणार नाही. १२ जून २०२५ ला एअर इंडियाच्या ड्रीमलायनरमधल्या २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला, जमिनीवरचे १९ जण गेले. कर्मचाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्याकडचे होते: डोंबिवलीचे, बदलापूरचे, न्हावा गावचे. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दोष कुणाचा, यावर मी काही लिहिणार नाही. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आली आणि लगेच लोकांनी मेलेल्या माणसांवर खटला चालवायला घेतला, ते मला सहन झालं नाही. पण त्यानंतर कंपनीनं जे केलं ते या विषयाशी थेट जोडलेलं आहे. मोठ्या विमानांची परदेशी उड्डाणं तिनं काही आठवड्यांसाठी १५ टक्क्यांनी कमी केली. कारणांत एक कारण असं दिलं होतं की अचानक अडचण आली तर राखीव विमानं हाताशी असावीत. निर्णय योग्यच होता. पण ती राखीव विमानं आधी का नव्हती, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही, आणि तो एकट्या एअर इंडियाला विचारून भागणार नाही.

शिल्लक म्हणजे नेहमी कोट्यवधींचं विमानच असतं असंही नाही. १२ फेब्रुवारी २०२४ ला न्यूयॉर्कहून एक जोडपं मुंबईला उतरलं. नवऱ्याचं वय ऐंशी. दोघांसाठी चाकाच्या खुर्च्या सांगून ठेवलेल्या होत्या. आली एकच. बायको तीत बसली, तो तिच्या बरोबरीनं चालत निघाला आणि इमिग्रेशनपाशी कोसळून गेला. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबा असं आम्ही सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं होतं, आणि ते खरं असेलही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपनीला ३० लाखांचा दंड केला. बायको पुढे नेली जात असताना कुठला नवरा मागे थांबेल? तिथे नव्या रंगाचं विमान उपयोगी पडलं नाही, नवा लोगो उपयोगी पडला नाही. दुसरी खुर्ची हवी होती आणि ती ढकलणारा माणूस हवा होता.

सरकारी मालकीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. १९९० मध्ये कुवेतमधून अम्मानमार्गे लाखाहून जास्त भारतीयांना एअर इंडियानं दोन महिन्यांत मुंबईला आणलं. सहार विमानतळावर उतरून जमिनीला डोकं टेकवणारी माणसं ज्यांनी पाहिली ती आजही त्याबद्दल बोलताना थांबतात. विमानं ओढून आणायची, नफ्याचा विचार बाजूला ठेवायचा, ही ताकद राष्ट्राच्या कंपनीत होती. पण ती एका संकटापुरती उभी केलेली ताकद होती. पुढे वर्षानुवर्षं रोजच्या उड्डाणासाठी सुटे भाग मिळाले नाहीत तेव्हा ती कामाला आली नाही. राष्ट्राच्या अडीनडीला धावणारी कंपनी एका प्रवाशाच्या अडीनडीला धावली नाही, ही तिची शोकांतिका आहे.

मग आता काय मागायचं? वेळ अगदी योग्य आहे, कारण मुंबईला कित्येक वर्षांनी मोकळी जागा मिळाली आहे. जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर दिवसाला नऊशेहून जास्त विमानं चढतात-उतरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं गर्दीच्या तासातली उड्डाणं ४६ वरून ४४ वर आणायला सांगितली तेव्हा कंपन्या कुरकुरल्या, पण विमानतळाच्या पातळीवर ती शिल्लकच होती. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं आहे. पहिल्याच टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. प्रत्येक कंपनी तिथून जास्तीत जास्त उड्डाणं मिळवायला धडपडणार. ती देताना सरकारनं विमानांची संख्या विचारून थांबू नये, त्या तळावर स्टँडबाय वैमानिकांच्या किती जोड्या राहणार, किती इंजिनिअर रात्रपाळीला असणार, राखीव विमान कुठे उभं असणार, हे लेखी घ्यावं. महासंचालनालय दर महिन्याला वक्तशीरपणाचे आणि रद्द उड्डाणांचे आकडे जाहीर करतं. त्यात या आकड्यांचा एक रकाना वाढवला तर प्रवाशाला दोनशे रुपयांचा फरक कशाचा आहे ते कळेल. भरपाईचंही तसंच. वेळेत न सांगता उड्डाण रद्द केलं तर आपल्याकडे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, पण नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. युरोपात मोठ्या उशिरालाही २५० ते ६०० युरो मोजावे लागतात, म्हणून तिथल्या कंपनीला राखीव जोडी ठेवणं परवडतं. इथे रखडवणं स्वस्त आहे तोवर कंपन्या रखडवणारच.

आणि काउंटरवरच्या माणसाला अधिकार द्यावा. ठरावीक रकमेपर्यंत जेवण, खोली, दुसऱ्या कंपनीचं तिकीट, हे त्यानं कुणाला न विचारता द्यावं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाब द्यावा लागू नये. त्या जुलैच्या रात्री सव्वा वाजता आमचं विमान पहाटेवर गेल्याचं जाहीर झालं. लोक त्या पोराच्या अंगावर धावून गेले. तो दोन पावलं मागे सरला, काउंटरमागची स्वतःची खुर्ची उचलली, गर्दीतून वाट काढत आणली आणि आईला म्हणाला, ‘आजी, तुम्ही बसा.’ मग पहाटे साडेचारपर्यंत तो उभाच होता.